नानांची सहा निळी पत्रं

धुळ्यात माझ्या खोलीपुढे एक कडुलिंब आहे. फाल्गुनात तो पानं टाकायला लागतो आणि सकाळी दार उघडलं की पायरीवर पिवळ्या पानांचा सडा पडलेला असतो. शेजारच्या काकू रोज अंगण झाडतात आणि रोज त्या झाडाला शिव्या देतात. मी माझ्या पायरीवरची पानं झाडत नाही. एकट्या माणसाच्या दारात थोडा कचरा असलेला बरा, कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटतं.

पानं गळायला लागली की आमचा उपवासकाळ येतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. चर्चमध्ये जांभळं कापड चढतं, गाण्यांची चाल संथ होते, आणि पहिल्या बुधवारी दारात उभे राहून आमचे तरुण पाळक प्रत्येकाला विचारतात, ‘यंदा काय सोडणार?’ कुणी चहा सोडतं, कुणी मटण, एखादी पोरगी केसांतला गजरा. परवा मलाही त्यांनी विचारलं, ‘मास्तर, तुमचं काय?’ मी म्हटलं, ‘बघू या.’ ते हसले. त्यांना वाटलं, मास्तर चाळिशीआधीच ढिले पडले.

त्यांना काय सांगणार? एका वर्षी मी असा काही त्याग केला होता की अख्खी मंडळी तोंडात बोट घालून बसली होती. त्या वर्षी मी माझ्या वडिलांची पत्रं सोडली होती. चाळीस दिवस ती येत राहिली आणि मी एकही उघडलं नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि देवाला खूश करायची मला भलतीच घाई होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात मुलांचं बोर्डिंग होतं, तिथं मी मास्तर होतो. कौलारू शाळा, शेणानं सारवलेलं लहानसं चर्च आणि पाड्यांवरची तीसेक पोरं. एस.टी. आमच्या गावापर्यंत यायची नाही. फाट्यावर उतरायचं आणि पुढं तासभर पायी, त्यातही अर्धी वाट नाल्यातल्या गोट्यांवरून. नवा माणूस त्या गोट्यांवर हमखास आपटायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

त्या दिवसांचं ऊन मला अजून आठवतं. सकाळी नऊलाच दाराच्या पत्र्याला हात लावता यायचा नाही. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून लोक बांधावर जाळायचे आणि तो धूर दिवसभर नाकात बसायचा. डोंगराकडून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास यायचा. पोरं दुपारी वर्गात पेंगायची आणि मी फळ्यावर भागाकार मांडून त्यांच्याकडे बघत बसायचो. पेंगणाऱ्या पोराला उठवायचं मला कधी जमलं नाही.

माझ्याजवळ तेव्हा सोडण्यासारखं होतं काय? चहा मी घेत नव्हतो. मटण महिन्यातून एकदा, तेही कुणी बोलावलं तर. दोन पायजमे, दोन सदरे, एक पत्र्याची ट्रंक. पण आठवड्यातून एकदा, बहुतेक बुधवारी, पोस्टमनभाऊ सायकल हातात धरून नाला ओलांडून यायचा आणि दुरूनच ओरडायचा, ‘मास्तर, बोदवड आलं!’ बोदवड म्हणजे नाना. माझे वडील.

नाना रेल्वेत गेटमन होते. उभा जन्म फाटकावर गेला. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर ठसठशीत, एकेक अक्षर रुळावर ठेवल्यासारखं. आई मी कॉलेजात असतानाच गेली. तेव्हापासून बोदवडला ते एकटे आणि इकडे मी एकटा. दोघांच्या मध्ये ते निळं आंतर्देशीय पत्र. ‘चिरंजीवास प्रभूत सलाम’ अशी सुरुवात आणि मग बोदवडच्या बातम्या. शेजारच्या शेळीला दोन पिल्लं झाली. लिंबोणीला बार आलाय. कालची पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट. मी ते पत्र दुपारी वाचायचो, संध्याकाळी वाचायचो, जेवताना ताटाशेजारी ठेवायचो. त्या रानात मला माणसासारखं ठेवलं ते त्या पत्रांनी.

पहिल्या बुधवारी आमच्या पाळकांनी उपदेश केला. त्यांना सगळे आबा म्हणायचे. साठीचा, साधा, भला माणूस. अनवाणी पाड्यापाड्यांवर फिरायचे. आबा म्हणाले, जे नकोसं आहे ते टाकणं म्हणजे झाडलोट. त्याग म्हणजे सगळ्यांत लाडकं ते सोडणं. झालं! हे वाक्य माझ्या डोक्यात असं काही बसलं की मी त्याच दुपारी ठरवून टाकलं. नानांची पत्रं उघडायची नाहीत, त्यांना लिहायचंही नाही. ईस्टरच्या सकाळपर्यंत.

त्याग गुपचूप करायचा असतो, म्हणून नानांना काहीच कळवलं नाही. आणि आबांना मात्र संध्याकाळीच जाऊन सांगितलं. बघा, हे असं असतं.

पहिलं पत्र आलं तेव्हा हात नुसता शिवशिवत होता. मी ते ट्रंकेत तळाला, स्वेटरखाली ठेवलं. बोर्डिंगात स्वयंपाकाला ताराअक्का होती. पन्नाशीची विधवा बाई, तोंडानं फटकळ आणि हातानं देवमाणूस. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. भाकरी थापता थापता आपल्या अहिराणीत म्हणाली, ‘मास्तर, कागद उना ना? मंग तोंड असं का शे?’

मी तिला माझा त्याग समजावून सांगितला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

‘बापना कागद शे, भाऊ. उघाडी दखा. देव काय वाचाले नहीं म्हनस का?’

मी तिच्याकडे बघून हसलो. ते हसू आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते. बिचारी अडाणी, हिला आध्यात्मिक गोष्टी काय कळणार, असं ते हसू होतं.

खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला सुखही लाभत होतं. पहाटे उठून चर्चच्या पायरीवर बसायचो. समोर पळस पेटलेला असायचा. पोट हलकं, मन हलकं, आणि ट्रंकेत ती पत्रं आहेत या जाणिवेनं आत एक गोड कळ. ती कळ म्हणजेच देवाची जवळीक, असं मला वाटायचं. अजूनही मी ते सगळंच खोटं होतं असं म्हणणार नाही. प्रार्थनेत तेव्हा जे डोळे भरून यायचे ते खरेच भरायचे. फक्त ते कुणासाठी भरत होते, हे मी कधी नीट पाहिलं नाही.

दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. चौथं आलं तेव्हा पोस्टमनभाऊ सायकलवरून उतरून म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही आता कागद टाकायला देत नाही? म्हातारा वाट बघत असेल.’ मी म्हटलं, ‘ईस्टरनंतर.’  टोपी काढून त्यानं घाम पुसला आणि पाणी पिऊन गेला.

मग आला झावळ्यांचा रविवार, प्रभूच्या यरुशलेम-प्रवेशाचा. आमच्याकडे खजुरीच्या झावळ्या कुठून असणार? पोरांनी आदल्या दिवशीच नाल्यावरून शिंदीच्या तोडून आणल्या होत्या. सकाळी दहाला मिरवणूक निघाली. पुढं आबा, मग मी, मागं पोरं झावळ्या हलवत, बेंबीच्या देठापासून होसान्ना ओरडत. शिंदीचे काटे एकमेकांना टोचवून मध्येच मारामाऱ्याही चालल्या होत्या. चर्चमध्ये गर्दी, धूळ, घाम आणि हिरव्या पातीचा वास. आबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. म्हणाले, ‘आपल्या मास्तरांकडे पाहा. एकट्या माणसाला बापाचं पत्र म्हणजे काय असतं? पण त्यांनी तेही प्रभूच्या पायाशी ठेवलं.’ सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली. आतून मात्र मी दोन बोटं उंच झालो होतो.

त्याच वेळी, त्याच सकाळी दहाला, शिरपूरच्या एस.टी. स्टँडवर नाना माझी वाट बघत बसले होते.

मला ते कळलं पुढच्या रविवारी, ईस्टरच्या सकाळी. उजाडताना उपासना झाली, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले, सगळे एकमेकांना सलाम करत गळ्यात पडले. मी खोलीत आलो, दार लावलं, ट्रंक उघडली. पवित्र आठवड्यात दोन पत्रं आली होती, ती धरून सहा. मी ती तारखेनं लावली आणि खाटेवर मांडी घालून बसलो. लहानपणी नाताळचा नवा सदरा घडी मोडायच्या आधी असाच समोर ठेवून बसायचो.

पहिल्या पत्रात नानांनी लिहिलं होतं, ‘डोळ्यांच्या शिबिराला गेलो होतो. मला वाटलं मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. उजवा डोळा गेला आहे, डावा थोडा आहे, तोही राहील असं नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. काळजी करू नये. उपवासकाळात काय सोडू असा विचार करत होतो, तर हे आपणहून सुटायला लागलं. मी प्रभूला म्हटलं, हेच अर्पण धरून घे.’

दुसऱ्यात शेळी होती, लिंबू होतं आणि एक ओळ होती. ‘गाडीच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. दिसायला छान दिसतं, पण डॉक्टर म्हणतात ते चांगलं नाही.’

तिसरं पत्र मला तोंडपाठ आहे. ‘झावळ्यांच्या रविवारी मी येतो. दिसतंय तोवर तुझी शाळा, तुझी पोरं आणि तुझा चेहरा एकदा बघून घेतो. शनिवारी चोपड्याला ओळखीच्यांकडे मुक्काम करून रविवारी दहाच्या सुमारास शिरपूर स्टँडवर पोचेन. तू तिथं घ्यायला ये. फाट्यापुढची वाट गोट्यांची आहे, आता मला एकट्याला जमायची नाही.’

चौथं चारच ओळींचं होतं. ‘तुझं उत्तर नाही, म्हणजे ये असंच समजतो. बिबड्या करून घेतल्या आहेत. तुला ज्वारीच्या आवडतात, त्या.’

बिबड्या, आमच्याकडचे ते ज्वारीचे जाड पापड. मला वाटतं, इथं मी थांबलो. बाहेर पोरं ओरडत होती. पाचवं पत्र हातात घेतलं तेव्हा त्यात काय असणार हे मला माहीत होतं, आणि तरी एक वेडी आशा होती की ते आलेच नसतील, काहीतरी अडलं असेल, गाडी चुकली असेल.

‘आलो होतो. दहापासून साडेचारपर्यंत बसलो. मग शेवटची चोपडा गाडी होती ती घेतली. काही त्रास झाला नाही. तू कामात असशील, पोरांना सोडून कसा येशील. बिबड्या परत नेऊन काय करू? शेजारी एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती, तिला दिल्या. पोरांनी तिथंच कडाकडा खाल्ल्या. दिसत नव्हतं नीट, पण आवाज ऐकून मजा वाटली.’

एवढंच. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं हो!

आणि सहावं. सहावं वाचताच येईना. नानांचं ते रुळावर ठेवलेलं अक्षर, आणि इथं ओळीवर ओळ चढलेली, शब्दात शब्द घुसलेला. सगळं पान निळ्या शाईचं जाळं झालं होतं. ‘चिरंजीवास’ एवढं कळलं आणि खाली कुठंतरी ‘सलाम’. पत्ता मात्र सुवाच्य होता, तो कुणाकडून तरी लिहून घेतलेला.

मी दार उघडून बाहेर आलो. ताराअक्का भांडी घासत होती. माझ्या हातातली पत्रं तिनं पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. राखेचे हात धुतले आणि म्हणाली, ‘आते जावा, मास्तर. बाप वाट दखी राहिना.’

शिरपूर, चोपडा, जळगाव आणि तिथून पॅसेंजर. शिरपूरच्या स्टँडवर मला अर्धा तास थांबावं लागलं. लोखंडी बाक, उसाच्या रसाचं घुंगरू, कंडक्टरांच्या आरोळ्या. कोणत्या बाकावर बसले असतील ते? प्रत्येक बाकावर थोडं थोडं बसून पाहिलं. साडेसहा तास म्हणजे किती, हे त्या अर्ध्या तासात मला कळलं. कुणी तरुण माणूस चालत आला की त्यांनी मान वर केली असेल, आणि तो जवळ आल्याशिवाय आपला की परका हे कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी बोदवडला उतरलो. रुळांच्या कडेनं घर गाठलं. नाना ओसरीवर खाटेवर बसले होते. मी दोन हातांच्या अंतरावर जाऊन उभा राहिलो. लांबच्या दिव्यावरून मालगाडी की मेल हे सांगणारा माणूस तो. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, ‘कोण?’

मी चपला काढल्या.

‘कोण हाय रे?’ त्यांनी पुन्हा विचारलं, आणि हात पुढं केला.

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, मग कपाळ, मग नाक, आणि हनुवटीवरच्या लहानपणच्या खोकेच्या व्रणाशी हात थांबला. तिथं त्यांना मी सापडलो. मग मी सगळं सांगितलं. उपवासकाळ, आबांचा उपदेश, ट्रंक, स्वेटर, झावळ्या, सगळं. सांगताना ढसाढसा रडत होतो. मनात होतं, आता म्हातारा उठून एक ठेवून देईल तर जन्माचं कल्याण होईल.

नानांचा हात माझ्या डोक्यावरच होता. मग म्हणाले, ‘म्हंजे तू कागद वाचलेच नव्हते?’

‘नाही, नाना.’

‘येकबी?’

‘एकही नाही.’

आणि नानांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. म्हणाले, ‘अरे, मंग बरं झालं! मले वाटलं, वाचूनबी आला नाही. आठ दिवस तेच खात होतं मले. आता जीवाले बरं वाटलं.’

म्हणजे ज्याची मला मान वर करायची लाज वाटत होती, तीच गोष्ट त्यांना दिलासा देऊन गेली. त्यांनी उठून चाचपडत माठातलं पाणी काढलं, मला दिलं. मी पाणी पीत असताना शेजारी बसून म्हणाले, अगदी सहज, गाडीची वेळ सांगावी तसं, ‘पन पोरा, कागद तं माह्या होता. तू तुह्यं काय सोडलं?’

मी भांडं खाली ठेवलं. 

मी परत गेलो तो सामान आणायला. पण त्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा उभा राहिलो. आमच्यात ही रीत आहे, देवानं आपल्यासाठी काय केलं ते माणूस उभा राहून सांगतो. मी सांगितलं की मी काय केलं. पंधरा दिवसांपूर्वी ज्या माना कौतुकानं वळल्या होत्या, त्याच पुन्हा वळल्या. आता त्यांत कौतुक नव्हतं. एक म्हातारी ‘अरे अरे’ असं मोठ्यानं म्हणाली. पण बसलो तेव्हा आत जी शांती होती ती चर्चच्या पायरीवर पहाटे कधी मिळाली नव्हती. मला वाटतं, त्या वर्षी मी खरोखर माझं असं काही सोडलं असेल तर ते त्या रविवारी सोडलं. त्यागी मास्तर हे नाव मला फार प्रिय झालं होतं.

आबा बाहेर माझ्याजवळ आले. डोळे ओले होते. ‘माझंही चुकलं,’ म्हणाले. ‘मी तुला एवढंच विचारायला हवं होतं की घरी कळवलंस का. मीही भाळलो.’ जूनपासून मला बोर्डिंगचा सुपरिंटेंडेंट करायचं चाललं होतं. पक्की नोकरी, राहायला घर. मी नको म्हटलं. आबांनी आग्रह केला नाही.

पुढची आठ वर्षं मी बोदवडला नानांजवळ राहिलो. एका छोट्या खासगी शाळेत नोकरी मिळाली, संध्याकाळी शिकवण्या. लग्नाचं एक-दोनदा निघालं आणि मागं पडलं. घरात दोन खाटा, दोन ताटं, एक माठ. त्या आठ वर्षांएवढी गरिबी मी पुन्हा पाहिली नाही आणि श्रीमंतीही नाही. सकाळी मी पवित्र शास्त्रातलं एकच वचन मोठ्यानं वाचायचो. जास्त वाचू गेलो तर नाना हात वर करायचे. ‘बस, येवढं पुरे.’ तेवढं ते दिवसभर तोंडात घोळवायचे, सुपारी घोळवावी तसं. संध्याकाळी मी दमून आलो की म्हणायचे, ‘सकाळचं वचन आता कळलं मले,’ आणि असं काही साधं सांगायचे की पाळकांच्या तासाभराच्या उपदेशात ते सापडलं नसतं. पुष्कळदा तर आम्ही बोलतही नसू. मालगाडी जायची, घर थरथरायचं, आणि आम्ही दोघं बापलेक अंधारत्या ओसरीवर नुसते बसलेले असायचो. प्रार्थना म्हणून मी आजवर जे काही केलं, त्यात ते बसणं मला सगळ्यांत वरचं वाटतं.

नाना वस्तू देऊन टाकायचे, पण गाजावाजा नाही. मनगटावरचं घड्याळ नव्या गेटमनला दिलं. ‘मले दिसत नाही, त्याले वेळ पाहा लागते.’ जुना कंदील शेजारच्या सुनेला. हिवाळ्यातलं घोंगडं कुणाला दिलं हे मला तीन दिवसांनी कळलं, तेही त्यांना खोकला झाला म्हणून. मी चिडलो. ते हसले आणि म्हणाले, ‘ओझं झालं होतं.’ उपवासकाळात काय सोडता, असं त्यांना कुणी विचारायचंच नाही. सोडण्यासारखं काही उरलंय असं वाटायचंच नाही त्यांच्याकडे बघून.

एकदा धीर करून मी ते सहावं पत्र काढलं. म्हटलं, ‘नाना, यात काय लिहिलं होतं?’

त्यांनी ते हातात घेतलं, त्यावरून बोटं फिरवली. ‘आता कुठी आठवते?’

‘शिरपूरहून आल्यावर लिहिलेलं. काहीतरी असेल ना. रागावला होता का?’

‘नाही रे. शिरपूरहून आलो अन् डावाबी गेला. दिसत तं नव्हतंच, मले ठाव होतं तुले वाचता येनार नाही म्हून. पन पेन हातात धरलं की तू जवळ बसला असं वाटे. म्हून लिहत गेलो. पान भरलं तं थांबलो.’

मी पत्र पुन्हा ट्रंकेत ठेवलं, या वेळी वरतीच.

नाना गेले त्याला आता चार वर्षं झाली. बोदवडचं भाड्याचं घर सुटलं, मी धुळ्याला नोकरी धरली. नोकरी चांगली आहे, पोरं गुणी आहेत, चर्चची माणसं सणासुदीला डबा आणून देतात. आणि तरी शाळा सुटून खोलीचं कुलूप काढताना रोज कुणीतरी आतून ‘कोण?’ म्हणून विचारावं असं वाटतं. कुणी विचारत नाही. एकटेपणा एकटेपणाच असतो, त्याला उगाच दुसरं नाव देऊ नये. मी त्याची सवय लावून घेतो आहे. नानांनी अंधाराची लावून घेतली होती, एवढा हिशेब मला पुरतो.

आता रविवारची उपासना संपवून आलो आहे. पायरीवर पानं आहेत. पाळकांना अजून उत्तर दिलेलं नाही, यंदा काय सोडणार याचं. सोडायला माझ्याकडे आता फारसं काही नाही, आणि जे आहे त्यातलं माझं किती आणि दुसऱ्याच्या वाट्याचं किती, हे ठरवायला माझा हात धजत नाही.

मी दर रविवारी करतो तेच आज करणार आहे. पोस्टातून आणून ठेवलेलं एक निळं आंतर्देशीय पत्र समोर घेतो. पेनचं टोपण काढतो. डोळे मिटतो. ‘नाना, प्रभूत सलाम’ इथवर नीट जमतं, पुढं ओळ ओळीवर चढत असणार, मला दिसत नाही. शेळीचं लिहितो, लिंबाचं लिहितो, पोरांचं लिहितो. लिंबोणी नाही माझ्याकडे, तरी लिहितो. मिटल्या डोळ्यांपुढं बोदवडची मालगाडी जाते. खाट करकरते.

‘कोण?’

‘मी आलोय, नाना.’